वेरूळ, तेर, भोकरदन आणि 'रहस्यमय' वस्तू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातले शिक्षक, शेतकरी, कॉलेजची मुलं आणि गावोगावचे इतिहासप्रेमी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'विसंगत अवशेष' म्हणजे काय? आणि छद्म-पुरातत्त्व कशाला म्हणायचं?

ज्या थरात, ज्या काळात किंवा ज्या मुलखात एखादी वस्तू असायला नको, तिथेच ती मिळाली तर ती विसंगत. अशी वस्तू अस्सल असू शकते, उंदराच्या बिळातून वा जुन्या खड्ड्यातून खालच्या थरात घसरलेली असू शकते, किंवा कुणी मुद्दाम पुरलेलीही असू शकते. पुरातत्त्वज्ञ या तिन्ही शक्यता धरून तपास करतो आणि आपलं म्हणणं कशामुळे खोटं ठरेल हे आधीच सांगतो. छद्म-पुरातत्त्वात उत्तर अगोदर ठरतं: परग्रहवासी, लुप्त महासंस्कृती, प्राचीन अणुयुद्ध. त्या उत्तराला सोयीचे तेवढे फोटो मग गोळा केले जातात. विरुद्ध पुरावा दाखवला तर तो 'दडपशाहीचा' पुरावा ठरतो, म्हणजे हे म्हणणं खोटं ठरायला वाटच उरत नाही.

२. वस्तू महत्त्वाची की ती सापडली ती जागा?

जागा. हे एक उत्तर नीट समजलं तर खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आपल्याकडे जुन्या गावाच्या टेकाडाला 'पांढर' म्हणतात. शेकडो वर्षांची राख, घरांच्या पडलेल्या भिंती, शेण, हाडं, खापरं साचून तिथली माती पांढुरकी होते आणि भोवतीच्या काळ्या रानात ती लांबूनच ओळखू येते. पहिला पाऊस झाला की पांढरीवर शंखाच्या बांगडीचे तुकडे, मणी, काळी-तांबडी खापरं उघडी पडतात. खणताना याच पांढरीत एकाखाली एक थर दिसतात: वर बहामनी-निजामशाहीच्या काळातली भांडी, त्याखाली यादवकाळ, आणखी खाली सातवाहन. कोणत्या थरात कशाशेजारी काय होतं, यावरून काळ ठरतो. हातात घेऊन घरी आणलेला मणी सुंदर असतो, पण पंचनामा न करता उचललेल्या मुद्देमालासारखा तो काही सिद्ध करू शकत नाही.

खंभातच्या आखाताचं उदाहरण घ्या. २००१ मध्ये तिथे ध्वनिलहरींनी घेतलेल्या समुद्रतळाच्या ('सोनार') चित्रांत चौकोनी आकार दिसले आणि तळ खरवडून काढलेल्या लाकडाच्या तुकड्याचं वय साडेनऊ हजार वर्षांच्या आसपास आलं. लगेच 'जगातलं सर्वांत जुनं शहर' अशा बातम्या झाल्या. लाकडाचं वय बरोबर असेलही. पण भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहात वाहत आलेला ओंडका त्या 'शहरातलाच' होता हे कशावरून? जागेवरचा थर हाती नसल्यामुळे तो दावा तिथेच अडला.

३. प्रस्थापित इतिहासात न बसणाऱ्या वस्तू शास्त्रज्ञ दडवून ठेवतात, हे खरं का?

व्यवहार याच्या उलट आहे. न बसणारी वस्तू पक्क्या पुराव्यानिशी मांडणाऱ्याचं या क्षेत्रात नाव होतं. १८६५ च्या सुमारास भूवैज्ञानिक ए. बी. विन यांना पैठणजवळच्या मुंगी इथे गोदावरीच्या जुन्या गाळात अकीकाचा घडवलेला छिलका मिळाला. नामशेष प्राण्यांची हाडं देणाऱ्या गाळात माणसाच्या हातची वस्तू! भारतात इतका जुना माणूस होता ही कल्पनाच तेव्हा नवी होती. ती नोंद दडवली गेली नाही. पुढे नेवाशाला ह. धी. सांकलिया यांनी केलेल्या कामातून गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातला अश्मयुगीन माणूस पाठ्यपुस्तकात आला. भोकरदनची गोष्ट तर त्याहून सुरस आहे (प्रश्न ८).

४. वेरूळचं कैलास लेणं परग्रहवासीयांनी किंवा यंत्रांनी कोरलं का? छिन्नी-हातोड्याने हे शक्यच नाही असं व्हिडिओत सांगतात.

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर.

आधी हिशेब. कैलासाचं आवार सुमारे ८२ मीटर लांब, ४६ मीटर रुंद, आणि मागचा कडा ३३ मीटरच्या आसपास उंच. डोंगराचा उतार आणि मध्ये शिल्लक ठेवलेलं मंदिर वजा केलं तर काढलेला दगड साधारण ६०-७० हजार घनमीटर भरतो, वजनात दीड ते दोन लाख टन. आकडा ऐकून छाती दडपते. पण राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द साधारण ७५६ ते ७७३. अठरा वर्षं, वर्षाला तीनशे दिवस धरा: रोज १३ घनमीटर. एका पाथरवटाने पहार, घण आणि टाकीने दिवसाला घनमीटरचा दहावा भाग काढला तर एका वेळी १३० माणसं पुरतात. रोजचा निघालेला दगड सुमारे ३६ टन, म्हणजे तीस किलोच्या बाराशे टोपल्या. चाळीस माणसांच्या प्रत्येकी तीस खेपा. साम्राज्य चालवणाऱ्या राजाला एवढा मजूर जमवणं अवघड नव्हतं. शिवाय सगळं एकाच राजाच्या काळात पुरं झालं असंही नाही. अभ्यासक आवारातली काही कामं नंतरची मानतात.

वरून खाली कोरण्यात गूढ काही नाही. वरून सुरुवात केली की परांच्या बांधाव्या लागत नाहीत, पायाखाली भक्कम खडक असतो, आणि शिखर संपवून खाली उतरता येतं.

आता दगडावरचा पुरावा. आवाराच्या कड्यांवर उन्हं तिरपी झाल्यावर पाहा. टाकीच्या घावांचे तिरकस, समांतर पट्टे स्पष्ट दिसतात, आणि मध्येच पट्ट्यांची दिशा बदलते, म्हणजे तिथे कारागीर दुसऱ्या बाजूला वळला. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं अर्धवट आहे. खडकातून खांब कसा मोकळा करत, कुठवर आले की कामाची पद्धत बदलत, हे सगळे टप्पे तिथे उघडे आहेत. वेरूळमध्येच ३० क्रमांकाचं जैन लेणं, ज्याला 'छोटा कैलास' म्हणतात, तेही पुरं झालेलं नाही. डोंगर वितळवणारं यंत्र असतं तर ही कामं अशी का थांबली असती?

तिसरी गोष्ट वंशावळीची. कैलासाची रचना आकाशातून पडलेली नाही. पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, राणी लोकमहादेवीने बांधवलेलं. त्याच्या मागे कांचीचं कैलासनाथ मंदिर. नंदीमंडप, मुख्य मंडप, विमान (इथे अर्थ गाभारा आणि त्यावरचं शिखर) यांची मांडणी एकीकडून दुसरीकडे कशी आली हे शेजारी-शेजारी ठेवून दाखवता येतं.

आणि लेखी पुरावाही आहे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क सुवर्णवर्षाचा ८१२-१३ चा बडोदा ताम्रपट एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या मंदिराचं वर्णन करतो: विमानांतून जाणारे देव ते पाहून थक्क होतात, आणि ज्याने ते घडवलं त्या शिल्प्यालाच वाटतं, हे माझ्या हातून झालं तरी कसं? व्हिडिओवाले यातलं 'विमान' तेवढं उचलतात आणि शिल्पी गाळतात. आम्हाला सगळ्यांत जास्त खटकतं ते हेच. ज्यांच्या हातांनी हा डोंगर कोरला त्यांना त्यांच्याच मुलखात नाकारलं जातं.

५. मग एवढा काढलेला दगड गेला कुठे?

तो मोठमोठ्या शिळांच्या नव्हे, बहुतांशी खडी-खपच्यांच्या रूपात निघाला. अशी खडी उतारावर पसरते, भरावात जाते, बांधकामाला आणि रस्त्याला वापरली जाते. बाराशे वर्षांत ती ढीग होऊन एका जागी राहील अशी अपेक्षाच चुकीची आहे.

६. कैलासाखाली भुयारी शहर आहे, अरुंद भोकं त्याचीच वाट आहेत असं ऐकलं.

अशा शहराचा कोणताही पुरावा नाही. खडकात कोरलेल्या मंदिराला पावसाचं आणि अभिषेकाचं पाणी बाहेर काढावंच लागतं, म्हणून पन्हळी आणि अरुंद चर कोरलेले असतात. मुसळधार पावसात वेरूळला जाऊन पाणी कुठून वाहतं ते पाहिलंत तर बरंचसं कोडं जागेवरच सुटेल.

७. तेरच्या त्रिविक्रम मंदिराच्या विटा पाण्यावर तरंगतात. हे कोणतं लुप्त तंत्रज्ञान?

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या विटांची ही ख्याती खरी आहे. तेरला तुटलेली जुनी वीट पाहायला मिळाली तर तिचा तुटलेला भाग निरखून पाहा: आत बारीक, लांबट पोकळ्या असतात, तुसाच्या आकाराच्या. चिखलात भाताचा तूस किंवा तसलाच काडीकचरा कालवून वीट थापली आणि भट्टीत भाजली की तूस जळून जातो आणि त्याची जागा हवा घेते. विटेची घनता पाण्याहून कमी झाली तर ती तरंगते. पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतील तर पाणी शिरत जातं आणि वीट थोड्या वेळाने बुडतेही. पाहायला जमलेल्या गर्दीला हा दुसरा भाग कुणी सांगत नाही.

हे तंत्रज्ञानच आहे, आणि उत्तम आहे: भिंतीचं वजन कमी होतं, आतपर्यंत भाजणी नीट होते. त्याला लुप्त म्हणायचं कारण नाही. चिखलात भुसा घालण्याची रीत वीटभट्टीवाल्यांना आजही ठाऊक आहे. त्रिविक्रम मंदिराची जास्त मोलाची गोष्ट वेगळीच आहे. त्याचा मागचा भाग गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखा गोलाकार, आहे, आणि ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह (प्रार्थनागृह) असावी असं अभ्यासक मानतात.

८. इटलीतल्या पॉम्पेईत भारतीय मूर्ती सापडली, ती खरी का? आणि तिचा मराठवाड्याशी काय संबंध?

खरी आहे, आणि विसंगत वस्तूचा शास्त्रीय तपास कसा होतो याचं याहून चांगलं उदाहरण आमच्या माहितीत नाही.

१९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची, सुमारे २४ सेंटिमीटर उंचीची स्त्रीमूर्ती मिळाली: दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना लहान सेविका. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पॉम्पेई गाडलं गेलं ते इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे मूर्ती त्याआधीची हे पक्कं. राखेचा थरच त्याची साक्ष देतो (प्रश्न २). पण आली कुठून? सुरुवातीला ती लक्ष्मी समजली गेली आणि मथुरेकडे बोट दाखवलं गेलं.

मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे प्राचीन भोगवर्धनला, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी उत्खनन केलं. त्यात सातवाहनकाळाच्या थरात हस्तिदंताची मोडकी मूर्ती मिळाली: तीच ठेवण, तशाच सेविका. तेरलाही हस्तिदंताची याच धाटणीची मूर्ती मिळालेली होती. त्यामुळे पॉम्पेईच्या मूर्तीची नाळ दख्खनशी जुळते असं म्हणायला जोर आला. मात्र मूर्तीच्या तळाशी एक खरोष्ठी अक्षर आहे आणि खरोष्ठी ही वायव्येची लिपी, म्हणून काहीजण अजून दुसरं मत मांडतात. चर्चा चालू आहे आणि ती पुराव्यावर चालू आहे.

व्यापाराचा मार्गही कागदावर आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे तेर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर असल्याचं लिहिलं आहे. पैठणहून मौल्यवान खडे, तेरहून कापड गाड्यांवर लादून बंदराला जाई. हस्तिदंताची एक मूर्ती त्याच वाटेने इटलीपर्यंत गेली, यात अशक्य काय?

९. आमच्या गावचं हेमाडपंती मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात. चुना न वापरता दगड कसे टिकले?

दगड एकमेकांत खाचा-कुसू करून, वजनाच्या जोरावर बसवले आहेत. चुन्याची गरजच पडत नाही. नावाबद्दल मात्र एक खुलासा: हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री, पण या पद्धतीची मंदिरं त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून आहेत. अंबरनाथच्या मंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, लेख आहे. 'एका रात्रीत' या कथेविषयी प्रश्न १३ पाहा.

१०. नदीत माणसाच्या मांडीपेक्षा कितीतरी मोठं हाड मिळालं. राक्षसांचे सांगाडे खरे असतात का?

हाड खरं असेल, राक्षस नाही. लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या काठच्या जुन्या गाळात हत्ती, पाणघोडा, रानबैल यांची जीवाश्मं मिळाली आहेत. मांजरेत कधीकाळी पाणघोडे डुंबत होते, ही गोष्ट आमच्या मते कुठल्याही राक्षसकथेहून अद्भुत आहे. असं हाड दिसलं तर ओढून काढू नका. जीवाश्म उन्हात आलं की भेगा पडून त्याचा चुरा होतो. फोटो काढा, जागा नोंदवा, जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.

'घटोत्कचाचा सांगाडा' म्हणून फिरणारा फोटो २००२ च्या एका डिजिटल चित्रस्पर्धेसाठी बनवलेला आहे. मूळ छायाचित्र अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात चाललेल्या मॅस्टोडॉन या हत्तीकुळातल्या प्राण्याच्या उत्खननाचं आहे.

११. लेण्याची कार्बन चाचणी करून वय का काढत नाहीत?

कार्बन-१४ ने जे कधी जिवंत होतं त्याचंच वय निघतं: लाकूड, कोळसा, धान्य, हाड. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, त्यामुळे पन्नास हजार वर्षांपलीकडे ते फारसं कामाचं नाही. 'दगडाची कार्बन डेटिंग केली' असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचं वय काढलं तरी कोरलं कधी ते कळत नाही. लेण्यांचा काळ कोरीव लेख, लिपी, शैली, ताम्रपट यांवरून ठरतो. पितळखोऱ्याच्या लेण्यांत मिळालेल्या यक्षमूर्तीच्या हातावर तो कान्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचं कोरलेलं आहे, आणि त्या अक्षरांचं वळणच काळ सांगतं. मातीच्या भांड्यांसाठी आणि गाळासाठी प्रकाश-उत्सर्जनावर आधारलेल्या पद्धती आहेत.

१२. लोणारचं विवर प्राचीन अणुस्फोटाचं आहे का?

लोणार विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात, पण मराठवाड्याच्या सीमेला लागून असल्यामुळे प्रश्न येतो. नाही. १९७० च्या दशकात केलेल्या छिद्रणात उल्काघाताच्या प्रचंड दाबाखालीच तयार होणारी काच आणि खनिजं मिळाली. विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. वयावर मात्र खरा वाद आहे: एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं, आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! तो कुणी लपवत नाही. दोन्ही आकडे शोधनिबंधांत छापलेले आहेत. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे.

१३. मग आमच्या आजीच्या गोष्टी, पोथ्या, दंतकथा सगळ्या खोट्या?

मुळीच नाही. त्यांना भलता प्रश्न विचारू नये इतकंच. कैलासाविषयी मध्ययुगीन मराठी कथा अशी: राणीने नवस केला की मंदिराचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. एवढ्या लवकर शिखर कोण दाखवणार? तेव्हा पैठणचा कोकास नावाचा शिल्पी पुढे आला आणि त्याने शिखरापासूनच काम सुरू केलं. आठवड्यात मंदिर झालं हा भाग घटना म्हणून घेता येत नाही. पण वरून खाली कोरल्याचं लोकांच्या पक्कं ध्यानात होतं, आणि मध्य भारतातल्या काही कोरीव लेखांत कोकासाचं नाव सांगणारे शिल्पी भेटतात. कथा जपा, सांगा, लिहून काढा.

१४. तज्ज्ञही फसतात ना? मग त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा?

फसतात. इंग्लंडमध्ये १९१२ साली माणसाचा पूर्वज म्हणून जाहीर झालेला 'पिल्टडाउन मानव' १९५३ मध्ये माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा यांचा जोड निघाला. जपानमध्ये शिनिची फुजिमुरा या हौशी संशोधकाने लाखो वर्षं जुनी म्हणून दाखवलेली हत्यारं तो स्वतःच पुरत होता. २००० साली एका वृत्तपत्राने त्याला पुरताना कॅमेऱ्यात पकडलं आणि पाठ्यपुस्तकं बदलावी लागली. लबाडी उघड झाली ती नव्या चाचण्या आणि पाळत यांमुळे. व्यक्तीवर विश्वास ठेवा असं आम्ही म्हणतच नाही. नोंदी मागा: थराचं चित्र, नमुना कुठून घेतला, चाचणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली. जो दावेदार हे देत नाही, त्याचा व्हिडिओ कितीही देखणा असो, त्यावर विश्वास ठेवू नका.

१५. अस्सल वस्तू, खरे तज्ज्ञ, तरी निर्णय नाही, असं होतं का?

होतं. दायमाबाद, अहिल्यानगर जिल्हा, प्रवरेचा काठ. १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना धातूची चार भरीव शिल्पं मिळाली: बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. म. के. धवलीकर, शं. आ. साळी यांच्यासारख्यांनी ती उत्तर-हडप्पा काळाची मानली. डी. पी. अग्रवाल यांनी हरकत घेतली: धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे आणि त्या काळच्या इथल्या इतर वस्तूंत ते तसं नाही, म्हणून ती बरीच नंतरची असू शकतात. साळींनी पुढे तिथे मोठं उत्खनन केलं, तरी शंका पूर्ण मिटली नाही, कारण शिल्पं निघाली तेव्हा थराची नोंद करायला कुणी नव्हतं. त्या शेतकऱ्याचा यात दोष नाही. प्रश्न २ आणि १६ एकत्र वाचा म्हणजे आम्ही एवढा आग्रह का धरतो ते कळेल.

१६. नांगरताना किंवा विहीर खणताना नाणी, मूर्ती, ताम्रपट मिळाला तर काय करायचं?

काम थांबवा, विशेषतः जेसीबी. वस्तू जमिनीत अडकलेली असेल तर तशीच राहू द्या, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो घ्या, किती खोल आणि कोणत्या रंगाच्या मातीत ते लिहा. धुऊ नका, घासू नका, चिंच-लिंबू लावून चकचकीत तर अजिबात करू नका. नाण्यावरची अक्षरं त्यात जातात. मग तलाठी किंवा तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. कळवणाऱ्याला आणि जमीनमालकाला कायद्याने वाटा किंवा मोबदला मिळू शकतो. लपवलं तर तो हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकण्याची रीत जुनी आहे. त्यात किती गावांचा इतिहास रानात विस्कटला गेला याचा विचार करून जीव हळहळतो. तेरला मिळालेल्या वस्तू मात्र रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या आणि आज तिथल्या शासकीय संग्रहालयात त्या कुणालाही पाहता येतात.

१७. मांत्रिक म्हणतो गढीखाली गुप्तधन आहे, पूजा करून काढू. वीरगळावरच्या खुणा त्याचा नकाशा आहे म्हणे.

वीरगळ हे लढाईत पडलेल्या वीराचं स्मारक आहे. खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला नेताना, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे कीर्ती ते असेपर्यंत टिको. त्यात धनाचा नकाशा नाही. गुप्तधनापायी गावोगाव वीरगळ आणि मूर्ती फोडल्या जातात. त्यासाठी अघोरी प्रकार करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. थेट पोलिसांत जा.

१८. घरात पणजोबांपासून जुनी दगडी मूर्ती आणि हस्तलिखितं आहेत. ती ठेवणं बेकायदा आहे का?

ठेवणं बेकायदा नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनं, शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित पुरावशेष ठरतं. दगडी आणि धातूच्या मूर्ती, सचित्र हस्तलिखितं अशा काही वर्गांची नोंदणी करावी लागते. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही, आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेताच येत नाहीत. नोंदणी केली म्हणून वस्तू सरकारजमा होत नाही, ती तुमच्याच घरी राहते. अर्जासोबत फोटो लागतात. मूर्ती घरात कुठून आली हे घरातल्या जाणत्यांना विचारून त्यातच लिहून ठेवा: कोणत्या गावची, कोणत्या शेतातली, कुणी आणली.